एमाचं म्हणणं

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना मी अधूनमधून सिनेमा दाखवते. यंदा जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७५ सालचा ‘मदर क्यूस्टर्स गोज टू हेवन’ लावला. फ्रँकफर्टमधलं कामगाराचं घर. एमा स्वयंपाकघरात बसून विजेचे सुटे भाग जोडतेय आणि बातमी येते: कामगार कपातीचं कळल्यावर नवऱ्याने, हर्मानने, कारखान्यात एकाचा जीव घेतला आणि स्वतःलाही संपवलं.

मग घरात रीघ लागते. नीमायर हा पत्रकार गोड बोलून सगळं काढून घेतो, आणि छापून येतो तो कुणी भलताच, क्रूर हर्मान. गायिका मुलगी बापाच्या बदनामीवर आपले कार्यक्रम मिळवते. मुलगा-सून सुट्टीवर निघून जातात. खात्यापित्या घरचं कम्युनिस्ट जोडपं एमाला व्यासपीठावर नेतं, पुढे एक अराजकवादी गाठतो. तिचं मागणं एवढंच की माझा माणूस असा नव्हता, हे कुणीतरी लिहा.

मुलं नीमायरवर तुटून पडली. एक मुलगी मात्र त्या जोडप्यासाठी भांडली. ‘त्यांनी तिला घरी नेलं, तिचं ऐकून तरी घेतलं.’ मला ते पटलं. वापर करून घेणाऱ्याची मायाही खरी असू शकते, म्हणून तर एमा त्यांच्याकडे ओढली जाते. एमा झालेल्या ब्रिगिटे मिराच्या चेहऱ्यावर तो दिलासा इतका स्पष्ट दिसतो की पोटात तुटतं.

मागच्या बाकावरचा यवतमाळकडचा मुलगा एरवी बोलत नाही. तो उठला. ‘मॅडम, बाबा गेले तेव्हा आमच्याकडे पण आले होते सगळे. एका पुढाऱ्याने आईला धनादेश दिला. फोटोत त्यांचा चेहरा नीट आला नाही म्हणून तो परत घेतला अन् परत दिला. आईला पदर सारखा करायला लावला.’

वर्ग गप्प झाला. तोच पुढे बोलला. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या सरकारी एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरेपर्यंत आईला बाबांच्या कर्जाचे कागद पुन्हा पुन्हा दाखवावे लागले. ‘ते कसे होते, हे कुणीच नाही विचारलं.’

या सिनेमाला दोन शेवट आहेत. एकात गोळीबारात एमा मरते. दुसऱ्यात वृत्तपत्राच्या कचेरीत धरणं धरलेले सगळे कंटाळून निघून जातात आणि रखवालदार तिला घरी जेवायला बोलावतो. मुलांना पहिला दमदार वाटला. यवतमाळकडच्या मुलाला दुसरा. ‘लोक असेच निघून जातात,’ म्हणाला.

मी गृहपाठ बदलला. परीक्षण नको, हर्मानच्या मृत्यूची बातमी लिहा. एमाचं म्हणणं तिच्याच शब्दांत आलं पाहिजे, आणि जो मारला गेला त्याचंही घर आहे हे विसरायचं नाही. त्या मुलाने तिथेच बसून लिहून दिली. पहिल्या वाक्यात खून, दुसऱ्यात कामगार कपात, तिसऱ्यापासून एमा. काना-मात्रा न बदलता मी ती विभागाच्या भित्तिपत्रकावर लावली.