तुम्ही विचारलंत म्हणून: मारिको मोरी आणि वायरींमधलं अध्यात्म

जपानमध्ये राहता, कलेवर लिहिता, मग सारखी ही जपानी कलाकार मारिको मोरीच का, असं तुम्ही विचारता. आणि लगेच पुढे: यंत्रं लावून कुठं अध्यात्म होतं का?

हा दुसरा प्रश्न मला लागतो. तिच्या ‘वेव्ह यूएफओ’ या कलाकृतीत तीन माणसं आडवी होतात, त्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि मेंदूतल्या लहरी वरच्या घुमटावर रंगांत उमटतात. शेजारच्या अनोळखी माणसाचं मन असं दिसणं याला खेळणं म्हणणाऱ्यांशी मी खूप भांडले आहे.

विशीतली मी मात्र तुमच्याच बाजूची होते. मला तेव्हा 1994 ची मोरी हवी होती, टोकियोच्या रस्त्यात परग्रहावरच्या बाईचा वेश करून ऑफिसवाल्या पुरुषांना चहा देणारी. त्यात राग होता. पुढे ‘निर्वाण’मध्ये मोरी किचिजोतेन होऊन तरंगू लागली. किचिजोतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेली आपली लक्ष्मी. राग गेला आणि नुसतं देखणेपण उरलं, असं मी तेव्हा म्हणायचे. आजही ते मला पुरतं खोडता येत नाही. बाईनं स्वतः देवी व्हावं याचं काही नाही, दशावतारातल्या नटाच्या पाया पडणारी आजी मी पाहिली आहे. खटकतो तो गुळगुळीतपणा.

बाबा गेले त्या वर्षी दादा माझ्याकडे आला होता. त्याला मी तेशिमा बेटावर नेलं. तिथं झाडीतल्या तळ्यात मोरीची पांढरट काचेची उंच शिळा उभी आहे, ‘टॉम ना हिऊ’. ती गिफू प्रांतातल्या सुपर-कामिओकांदे या प्रयोगशाळेशी जोडलेली आहे. डोंगराखाली 1,000 मीटरवर 50,000 टन पाण्याची टाकी, त्यात न्यूट्रिनो, म्हणजे ताऱ्यांतूनही येणारे अतिसूक्ष्म कण, टिपले जातात आणि इथं काचेत प्रकाश येतो. मी उत्साहानं सांगत होते की 1987 साली तिथल्याच जुन्या यंत्रानं एका मेलेल्या ताऱ्याचे 11 न्यूट्रिनो पकडले, तो तारा दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षं दूर होता.

दुपार होती. काचेतला उजेड तिचा की आभाळाचा, कळत नव्हतं.

दादा म्हणाला, “तुला दिसलं का काही?”

“नाही. पण येतो प्रकाश.”

“कुणीतरी सांगितलं म्हणून. बाबांच्या दहाव्याला कावळा शिवला तेव्हा तुझा व्हिडिओ अडकला होता. तेही मीच सांगितलं तुला.”

मला रजा मिळाली नव्हती, हे त्याला माहीत होतं. त्या अडकलेल्या पडद्यापुढे मी हात जोडून बसले होते, हे माहीत नव्हतं. ते मी तिथं सांगायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही. बोटीत आम्ही बोललो नाही.

त्याचं म्हणणं मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं. कावळा शिवला हे मी दादाच्या शब्दावर मानलं, तारा मेला हे यंत्राच्या. दोन्हीत मी लांबच होते. मोरीचं काम मला त्या लांबवर उभं राहू देतं, काही सिद्ध करायला लावत नाही. ही माझी सोय आहे, असं दादा म्हणेल. असेलही. तिच्या देखण्या काचेनं मला सहज फसवलं असेल, हेही शक्य आहे.

पण हात जोडले होते ते खरे होते. वायरीतून काही पोचत नाही हे तुम्ही इतक्या खात्रीनं कशावरून म्हणता, ते आता मला तुम्हालाच विचारायचं आहे.