बाळाला वाटेत का वळावं लागतं?

प्रसूतीची वाट म्हणजे सरळ नळी असं धरून चाललं, की पुढचं सगळं गणित चुकतं. कटीराचं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं, वरचं तोंड आडवं रुंद: डावी-उजवीकडे सुमारे 13 सेंमी, पुढून मागे 11. खाली उतरलं की उलट. दोन्ही बाजूंनी बैठकीच्या हाडांचे काटे आत येतात, तिथे आडवं अंतर जेमतेम 10 उरतं. मोकळीक मिळते ती पुढे-मागे. म्हणून डोकं आत शिरताना बाळाचं तोंड आईच्या डाव्या किंवा उजव्या कुशीकडे असतं आणि काट्यांपाशी वळून ते पाठीकडे होतं. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर 9.5 सेंमी व्यासात काम भागतं. मान ताठ राहिली की तोच व्यास 11.5 होतो आणि बाई अडते. टाळू भरलेली नसते म्हणून कवटीची हाडं एकमेकांवर थोडी सरकतात, तेवढीच काय ती सवलत.

हा पीळ चालण्यातून आला. चिंपांझीचं कटीर उंच आणि चपटं. आपलं बुटकं, बाजूंना वळलेलं, कारण एक पाऊल उचललं की दुसऱ्या पायावर तोल धरणारे कुल्ल्याचे स्नायू बाजूलाच हवेत. इथिओपियात हदारला 1974 मध्ये सापडलेली ल्यूसी, माणसाच्या पूर्वजकुळातल्या मादीचा सांगाडा, 32 लाख वर्षांपूर्वीची. तिचं कटीर तेव्हाच बुटकं झालं होतं, मेंदू मात्र चिंपांझीच्या आसपासचा. मोठं डोकं फार उशिरा आलं, तयार दारातून.

मग दार रुंद का झालं नाही? चालायला अरुंद कटीर लागतं, हे मानवशास्त्रज्ञ शेरवूड वॉशबर्न यांचं 1960 सालचं उत्तर अजून सगळीकडे छापतात. मला ते लंगडं वाटतं: 2015 च्या एका मोजमापात रुंद कटीरामुळे चालण्याची ऊर्जा वाढलेली दिसली नाही. तळाचं कारण जास्त पटतं. चौपायांची आतडी पोटाच्या झोळीत लोंबतात, आपला भार कटीराच्या तळावर येतो. दार रुंद झालं तर तळ सैल पडतो आणि अंग बाहेर येतं.

उभं राहण्यासाठी कमरेला बाक आला. (उसण भरते ती इथेच, पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची जागाही हीच.) प्रसूतीत बाळाचे खांदे अडले, म्हणजे बाहेर आलेलं डोकं पुन्हा आत ओढल्यासारखं झालं, तर हाच बाक आधी घालवायचा. आईच्या दोन्ही मांड्या पोटावर घट्ट दुमडायच्या. कटीराचं पुढचं हाड वर फिरतं आणि त्यामागे अडकलेला खांदा सुटायला वाव मिळतो. मदतनिसाने दाब द्यायचा तो त्या हाडाच्या लगेच वर. पोटाच्या वरच्या टोकाला दाबलं तर खांदा आणखी रुततो, आणि डोकं धरून खेचलं तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणून तुटू शकतात.