दिसेनासा झालेला एस

पॅरासिटामॉल एक ग्रॅम, दिवसातून एकदा. आणि त्याच ओळीत, शेवटच्या रकान्यात: चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर नको.

इथे मी थांबले. दिवसात एकच ग्रॅम द्यायचं असेल तर चार ग्रॅमची ताकीद कशासाठी? इंग्रजी वाक्यात खोट नव्हती. स्पेलिंग ठीक, विरामचिन्हं जागच्या जागी. तरी त्या ओळीची दोन टोकं एकमेकांशी भांडत होती.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं छोटंसं ऑफिस आहे. इंग्रजी मजकुराचं मुद्रितशोधन हे आमचं काम. थीसिस, कंपन्यांचे अहवाल, मशीनची माहितीपत्रकं असं सगळं येतं. त्या दिवशी टेबलावर होती एका खासगी हॉस्पिटलची पुस्तिका. वॉर्डातल्या सिस्टरांच्या खिशात राहील अशी, औषधांच्या तक्त्यांची. संध्याकाळपर्यंत प्रूफ प्रेसला जायचं होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, फक्त स्पेलिंग आणि व्याकरण बघा, बाकी तपासून झालंय.

डोस दुरुस्त करणं माझ्या अधिकारात नाही, आणि नसावंच. शंका आली तर समासात प्रश्न लिहायचा आणि जाणकाराला विचारायचं. मी फार्मसीत फोन लावला. तिथल्या मॅडम मराठीच.

‘‘मॅडम, या फाइलची जुनी प्रत मिळेल का?’’

‘‘जुनी कशाला ताई? नवी तपासूनच दिलीये ना.’’

‘‘तरी पाठवा. एका ओळीचा मेळ बसत नाहीये.’’

जुनी प्रत आली आणि सगळा उलगडा झाला. तिथे पॅरासिटामॉलपुढे होतं क्यूडीएस. लॅटिनमधून आलेलं हे संक्षिप्त रूप, अर्थ दिवसातून चार वेळा. आणि क्यूडी म्हणजे दिवसातून एकदा. एका अक्षराचा फरक, पण औषध चौपट.

झालं होतं असं. हॉस्पिटलच्या मानांकनाची तपासणी जवळ आली होती आणि धोकादायक संक्षेप काढून टाकायचं ठरलं होतं. ठरलं ते अगदी योग्य. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये ‘वापरू नका’ अशी एक छोटी यादी लागू केली, तीत क्यूडी आहे. कारण घाईत लिहिलेल्या क्यूची शेपटी किंवा त्यापुढचा टिंब आयसारखा दिसतो, आणि क्यूडीचं क्यूआयडी, म्हणजे पुन्हा चार वेळा, वाचलं जातं. तेव्हा कुणीतरी चांगल्या हेतूनं कॉम्प्युटरला आज्ञा दिली: जिथे क्यूडी दिसेल तिथे ‘वन्स डेली’ घाल. ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’ या चौकटीत खूण करायची राहिली. मग क्यूडीएसमधला क्यूडीही बदलला आणि ‘वन्स डेली’च्या शेपटीला एक कॅपिटल एस लोंबकळत राहिला.

इथवरची चूक कुणालाही दिसली असती. तो एस विचित्रच दिसत होता. पण स्पेलचेकने त्याखाली लाल रेघ ओढली, पर्याय म्हणून ‘डेली’ सुचवलं, आणि कुणीतरी ते स्वीकारलं. लाल रेघ गेली, एस गेला आणि मागे उरलं निर्दोष इंग्रजी. मला सगळ्यात भीती वाटते ती अशा चुकीची. वाकडी चूक स्वतःहून हाक मारते. ही सरळ उभी राहून पुढे जाऊ देते. त्यात वर्डचा स्पेलचेक मूळ सेटिंगमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असलेले शब्द तपासतच नाही, म्हणजे संक्षेपांवर त्याचा पहारा मुळातच नसतो.

पॅरासिटामॉलला ताकिदीचा रकाना होता म्हणून ते सापडलं. क्लॉक्सासिलिनला तोही नव्हता. पाचशे मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, बस्स. जुन्या प्रतीत तिथेही क्यूडीएस. हे अँटिबायोटिक सहा-सहा तासांनी द्यायचं असतं, चोवीस तासांतून एकदा दिलं तर जंतुसंसर्ग आटोक्यात कसा येणार? फार्मसीच्या मॅडमना फोनवर ही ओळ वाचून दाखवली तेव्हा त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘ताई, प्रेसला थांबवा. मी येते.’’

त्या रिक्षाने आल्या, जुन्या यादीचा कागद घेऊनच. आम्ही जुन्या पद्धतीने बसलो. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं नव्या प्रतीवर पेन्सिल ठेवून ऐकायचं. औषधाचं नाव, आकडा, एकक, किती वेळा, असं एकेक. स्क्रीनवर डोळा अर्धा शब्द आपोआप पुरा करून पुढे जातो. कानाला तशी घाई करता येत नाही. त्या वाचनात एकाच घराण्याच्या चुका पानोपानी निघाल्या.

आणि दुसऱ्या घराण्याच्याही. इन्सुलिनच्या पानावर चार आकड्याला चिकटून कॅपिटल यू होता, युनिटसाठी. हाताने उतरवून घेताना तो यू शून्यासारखा होतो आणि चाराचे चाळीस होतात. एका ठिकाणी एक मिलिग्रॅम हे ‘एक दशांश शून्य’ असं छापलं होतं, टिंब फिकट उमटला तर सरळ दहा. दुसरीकडे अर्ध्या मिलिग्रॅमच्या टिंबाआधी शून्य नव्हतं, तिथे पाच वाचलं जाण्याची भीती. आणि एम.एस.! बडोद्यात एम.एस. म्हटलं की रिक्षावाला युनिव्हर्सिटीच्या दारात सोडेल, पण तक्त्यात ते मॉर्फिन सल्फेटही असतं आणि मॅग्नेशियम सल्फेटही. एक तीव्र वेदनेवरचं, दुसरं गरोदरपणातल्या झटक्यांवर देतात ते. तिथे पूर्ण नावाला पर्यायच नाही.

एका तळटीपेवर आमचा बराच वेळ गेला. मूत्रपिंडाच्या रुग्णांना अमुक गटातली वेदनाशामकं टाळा, आणि पुढे ‘आय.ई. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक’. मॅडमना त्यात काही वावगं दिसेना. पण आय.ई. म्हणजे ‘अर्थात’, गट या दोन नावांवर संपला. ई.जी. म्हणजे ‘उदाहरणार्थ’, ही दोन आणि अशीच इतर. आय.ई. राहिलं असतं तर नॅप्रोक्सेन चालतं असा अर्थ एखाद्या नव्या सिस्टरनं काढला असता, आणि तिची त्यात काहीच चूक नसती. इंग्रजी लिहिणारे कितीतरी शिकलेले लोक ही दोन रूपं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. मी दर वेळी बदलते आणि दर वेळी कारण लिहून देते.

मग मॅडमनी विचारलं, ‘‘पण पहिल्या पानावर सगळ्या संक्षेपांचे पूर्ण अर्थ दिलेत की?’’ प्रश्न रास्त होता. संक्षेप पहिल्यांदा येतो तिथे पूर्ण रूप द्यावं आणि पुढे संक्षेप वापरावा, हा इंग्रजी लेखनाचा मान्य नियम. लेखात, प्रबंधात तो उत्तम चालतो, कारण वाचणारा सुरुवातीपासून येतो. खिशातली पुस्तिका मात्र कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. रात्री दोन वाजता सिस्टर थेट मधलंच पान उघडते. तिच्यासाठी ते पानच पहिलं.

हे त्यांना लगेच पटलं. वेळांचे सगळे लॅटिन संक्षेप काढायचे आणि ‘दर सहा तासांनी’, ‘रोज सकाळी एकदा’ असं साध्या इंग्रजीत लिहायचं ठरलं. मिलिग्रॅमसारखी सर्वांना ठाऊक असलेली एककं तेवढी संक्षेपात ठेवली. मायक्रोग्रॅमसाठीचं ग्रीक अक्षरही काढलं, कारण ते हाताने लिहिताना मिलीच्या एमसारखं होतं आणि डोस हजारपट चढतो. तक्ते त्यामुळे रुंद झाले, पानं वाढली, प्रेसवाल्यानं कागदाचा वाढीव खर्च सांगितला. मॅडमनी तिथूनच मेडिकल सुपरिटेंडेंटना फोन लावला आणि खर्च मंजूर करून घेतला.

पुस्तिका ठरल्या दिवशी छापली गेली नाही. दुरुस्त प्रत आधी दोन डॉक्टरांनी सहीनिशी तपासली, मग पुन्हा आमच्याकडे आली आणि पुन्हा मोठ्यानं वाचली गेली. या खेपेला मॅडमनी वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरलाही सोबत आणलं होतं. क्लॉक्सासिलिनची ओळ ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘दर सहा तासांनी ठीक आहे, पण सहा, बारा, सहा, बारा अशा वेळाच लिहा ना. आम्ही औषध घड्याळ बघूनच देतो.’’ त्या वेळा आम्ही तिथल्या तिथे पेन्सिलीनं भरल्या.