काबुसु

रात्री दोनच्या सुमाराला ढग गडगडायला लागले ते पहाटेपर्यंत थांबले नाहीत. चारला खाली आले, तर आमचे नाखवा बूट घालून सरायच्या दारात बसलेले. "ताई, असल्या हवेत होडी कोण सोडणार? आजचा दिवस फुकट गेला."

नाखवा रायगडच्या किनाऱ्यावरचे, साठी उलटलेली, सगळा जन्म डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याच्या, धंद्यात. मासेमारांच्या एका छोट्या गटाबरोबर मी दुभाषी म्हणून जपानला गेले होते. गाव हिमी, तोयामाच्या उपसागरावरचं, महिना डिसेंबर. सरायवाल्या आजी मात्र खुशीत होत्या. "बुरी-ओकोशी!" त्या म्हणाल्या. म्हणजे बुरीला जागं करणारा गडगडाट. थंडीच्या तोंडाला असे ढग गरजले, समुद्र खवळला की बुरी मासा उपसागरात शिरतो, असं तिकडे मानतात. नाखवांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम उठलेच. "मग चल लवकर."

होड्या खरंच गेल्या होत्या. जाळी बंदरापासून वीस-तीस मिनिटांवर, आणि होडी निघते तीच बर्फ भरून. मासा जाळ्यातून थेट बर्फाच्या पाण्यात पडतो. बंदरावर आम्ही पाहिलं तेव्हा बुरीच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. ठेवण बांगड्यासारखी, पण एकेक आठ-दहा किलोंचा, पाठ गर्द निळी, पोट चरबीने तट्ट. लिलाव इतका भरभर चालला होता की मला एक शब्द धड लागेना. नाखवांना त्याची गरजही नव्हती. ते मासे बघत होते.

(या माशाला वयाप्रमाणे नावं आहेत. लहान असताना कोझुकुरा, मग फुकुरागी, मग गांदो आणि पुरता वाढला की बुरी. तोयामात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला मुलीच्या माहेरून सासरी एक मोठा बुरी जातो, जावयाचीही अशीच बढती होत राहो म्हणून. पश्चिमेकडच्या भागात त्यातला अर्धा मासा सासरचे परत माहेरी पाठवतात. दिवाळसण करणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

लिलावानंतर एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, पुठ्ठ्यावर जाळ्याचं चित्र काढलं. पहिल्या दोन रेघा बघूनच नाखवा म्हणाले, "ही तर आपली डोलच हाय!" पण डोलीत मासा भरती-ओहोटीच्या ओढीने ढकलला जातो. इथे माशाच्या वाटेत एक लांबच लांब आडवी जाळी उभी असते. मासा तिला अडतो, खोल पाण्याकडे वळतो आणि आपल्या पोहण्यानेच मोठ्या अंगणासारख्या जाळ्यात शिरतो. तिथून पुढे शेवटच्या पिशवीत. मागचं तोंड उघडंच असतं. आलेल्या दहांतले दोन-तीनच हाती लागतात, बाकीचे फिरून निघून जातात, असं तांडेल म्हणाले. हिमीत ही पद्धत चारशेहून अधिक वर्षं चालत आली आहे. पूर्वी ही जाळी भाताच्या पेंढ्याची वळत. 2021 मध्ये जपान सरकारने या मासेमारीला कृषी वारसा म्हणून मान दिला.

नाखवा बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना विचार, निघून गेलेला मासा बाहेर कोणी दिवे लावून, घेरून मारत नाय?" दिव्यांनी मासा ओढून घेरणाऱ्या बोटींचं, आमच्या किनाऱ्यावरचं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात होतं. मी तो जसाच्या तसा विचारला. तांडेलांनी सांगितलं की या जाळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, त्यांचा हक्क प्रांताचा राज्यपाल पाच वर्षांसाठी देतो, त्या जागेत दुसरा कोणी जाळं लावू शकत नाही. बाहेरच्या समुद्राबद्दल ते काही बोलले नाहीत. नाखवांनीही पुन्हा विचारलं नाही.

नऊच्या सुमाराला त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. मोठ्या पातेल्यात मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, रस्सा, त्यात सकाळच्याच माशांचे जाड तुकडे, डोक्यांसकट. नाव काबुसु-जिरू. जिरू म्हणजे रस्सा, पण काबुसु? माझ्या शब्दकोशात तो नव्हता, वर्गात कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांत असा साधा शब्द अडला की जीव कासावीस होतो. तांडेलांनी दोन्ही हातांनी माशांचा ढीग दाखवला, त्यातले थोडे वेगळे केल्यासारखं केलं आणि होडीवरच्या पोरांकडे बोट केलं. मी अजून शब्द जुळवत होते तोवर नाखवा म्हणाले, "वाटा. खलाशांचा वाटा."

तेच होतं. हिमीच्या मासेमारांच्या बोलीत काबुसु म्हणजे मासळीतला आपल्या वाट्याचा हिस्सा. मी तो अर्थ जपानीतून तांडेलांना परत सांगून पाहिला. त्यांनी मान डोलावली आणि नाखवांच्या वाटीत आणखी एक डोकं वाढलं.

शेवटी ताटलीत भाजलेले सुके मासे आले. गेंगे. खोल पाण्यातला, दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात येणारा, अंगाने बुळबुळीत आणि मऊ. एके काळी तो फेकून देत. नावच मुळी 'हलक्यातला हलका' अशा अर्थाचं मानतात. आता तेच नाव 'मायावी मासा' अशा अक्षरांनी लिहितात आणि लोक मागून खातात. नाखवांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "अगं, हा यांचा बोंबील!"

निघताना त्यांनी सुक्या गेंगेची तीन पाकिटं घेतली आणि माझ्यापुढे धरली. "वर मराठीत लिव. घरी बायको विचारेल, कसा करायचा." मी पेन काढलं आणि तिन्हींवर लिहिलं: गेंगे, मंद विस्तवावर भाजून.