पुनःस्थापनेचा सण आणि मावशींची पेटी

योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मी लहानपणापासून वाचत आले. बाविसाव्या वचनाशी यरुशलेमात पुनःस्थापनेचा सण चालू आहे, हिवाळा आहे, आणि येशू देवळात शलमोनाच्या देवडीत फिरतोय. कसली पुनःस्थापना, हे मात्र संडे स्कूलमध्ये कुणी सांगितलं नाही. ती हकिगत ज्यांत आहे ती मक्काबींची पुस्तकंच आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलात नाहीत. शेवटी वसईच्या मैत्रिणीकडून कॅथलिक बायबल मागून आणलं आणि पहिल्या पुस्तकाचा चौथा अध्याय एका बैठकीत वाचला.

अंत्युखस या ग्रीक राजाने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं होतं. इ. स. पू. १६४च्या सुमारास यहुद्यांचा पुढारी यहूदा मक्काबी याने ते परत घेतलं, तेव्हा अंगणात रान माजलं होतं. विटाळलेली वेदी त्यांनी उतरवली, पण तिचे दगड फेकले नाहीत. कुणी संदेष्टा येऊन त्यांचं काय करायचं ते सांगेपर्यंत टेकडीवर नीट ठेवून दिले! मग नवी वेदी बांधून आठ दिवस सण केला. यहुदी आजही पाळतात तो हनुक्का हाच. (एका दिवसाच्या तेलाची कुपी आठ दिवस पुरल्याची प्रसिद्ध गोष्ट इथे नाही, ती ताल्मुद या नंतरच्या यहुदी ग्रंथातली.)

ते ठेवून दिलेले दगड माझ्या मनातून जाईनात. २०२४ साली हनुक्काची पहिली संध्याकाळ नेमकी २५ डिसेंबरला आली होती. मी आमच्या पुण्यातल्या मंडळीत सुचवलं, नाताळपासून १ जानेवारीपर्यंत आठ संध्याकाळी आठ घरी प्रार्थना ठेवू. रोज एक पणती वाढवू. ज्या घरी सभा, त्या घराने वर्षानुवर्षं बाजूला पडलेलं काहीतरी देवापुढे आणायचं.

एका उत्साही मुलाने हनुक्काचे दिवे लावताना यहुदी म्हणतात तो हिब्रू आशीर्वाद पाठ करायची तयारी दाखवली. मला ते पटेना, म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या, आजींना विचारलं. त्यांचं माहेर अलिबागकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात 'आम्हाला आज्ञा केलीस' असं आहे. ती आज्ञा आमची. तुम्ही तुमची प्रार्थना करा की." मला हे फार योग्य वाटलं. चर्चने शतकानुशतकं यहुद्यांना जे भोगायला लावलं, त्यानंतर त्यांच्या तोंडची प्रार्थना उचलून आपली म्हणणं बरोबर नाही.

आजींनीच सांगितलं, कोकणात त्यांचे पूर्वज घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. पण हनुक्का त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हता. मंदिर परत मिळायच्या आधीच पूर्वज तिथून निघाले होते, असं त्यांच्यात सांगतात. आता आजी काचेच्या छोट्या पेल्यांत खोबरेल घालून वाती लावतात. त्या उजेडात काम करायचं नसतं, नुसतं बघायचं. एवढं एक आम्ही त्यांच्याकडून घेतलं. बायबल ट्यूबलाइटखाली वाचलं आणि पणत्या नुसत्या तेवू दिल्या.

सहावी संध्याकाळ मावशींकडे होती. काका चर्चमध्ये पेटी वाजवायचे. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हापासून पेटी पलंगाखाली. मावशींनी ती ओढून काढली, गवसणी सोडली, डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. कुणाला हात लावू न देता त्यांनी एकेक पट्टी कोरड्या फडक्याने पुसली, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत फडक्याचं टोक घालून धूळ काढली. मग भाच्याला म्हणाल्या, "बस." त्याने भाता मारला आणि कुठल्याच पट्टीला बोट न लावता एक सूर वाजायला लागला. खालचा पंचम अडकला होता. भाच्याने पट्टी वर उचलायचा प्रयत्न केला, ठोकून पाहिली.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "हे तिथे काडी अडकवूनच बसायचे."

आणि त्यांनी 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं.