मेंदी कधी लावली होती?

डोंबिवलीत पार्लर चालवते त्याला आता २६ वर्षं झाली. बाई खुर्चीत टेकायच्या आधी मोबाइल पुढे येतो, त्यात कुणातरी नटीचा फोटो. ‘ताई, हे मला शोभेल का?’ हळदीकुंकवात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर मयताला गेले होते तिथेही एकीनं हळूच विचारलं. म्हणून एकदाच सगळं सांगते.

आधी नटी साधनाचं. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’च्या वेळी तिचं कपाळ पडद्यावर रुंद दिसत होतं, ते झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कापून घ्यायला लावली. झाला साधना कट. मग दोन बोटं कपाळ असलेल्या पोरींनीही तो केला. त्यातलीच एक माझी आई. तिच्या कपाळावर मधोमध भोवरा. झुलपं खाली बसायचं नावच घेईनात, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी. केस वाढेपर्यंत तेल लावून चापून बसवत होती बिचारी.

त्यामुळे फोटो बघायच्या आधी मी भोवरा बघते. मग केस किती दाट आहेत ते. विरळ केसांना लेयर दिले की टोकांशी शेपटी उरते, ते सरळ एका रेषेत कापलेलेच भरलेले दिसतात. दाट केसांचं उलट. लेयर नाही दिले तर खाली घंटेसारखे फुलतात. कुरळे केस ओले असताना खांद्याखाली येतात आणि वाळले की कानाशी जातात, म्हणून तिथे हव्या त्या लांबीच्या दोन इंच खालीच कात्री थांबवावी. गोल चेहरा, चौकोनी चेहरा वगैरे तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एवढं मात्र खरं, गोल चेहऱ्याला नेमका हनुवटीशी संपणारा बॉबकट नको. हनुवटीच्या जरा खाली उतरू द्या, भांग थोडा बाजूला घ्या.

आणि एक प्रश्न मी विचारतेच: सकाळी आरशासमोर किती मिनिटं असता? ७.४० ची लोकल पकडणारी बाई ओले केस क्लचरमध्ये अडकवून पळते. तिला रोज ब्लो ड्राय लागणारा कट देऊन मी पैसे घेईन, पण तिसऱ्या दिवशी ती मला शिव्या घालेल.

आता रंग. इथे खरी गंमत आहे. आपले केस काळे किंवा काळ्याच्या अगदी जवळचे. ते उजळायला लागले की आधी तांबूस, मग केशरी, मग पिवळे होतात. फोटोतल्या त्या राखाडी झाकेच्या तपकिरी रंगापर्यंत जायचं तर हा केशरी मुक्काम ओलांडावा लागतो. उरलेला केशरीपणा आम्ही टोनरनं झाकतो. टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो आणि झाकलेलं सगळं पुन्हा वर येतं. म्हणून मी बहुतेकींना आपल्या रंगापेक्षा एकदोन छटाच उजळ, चॉकलेटी किंवा महोगनीकडे झुकणारं काही सुचवते. उतरताना ते निदान ओंगळ दिसत नाही.

त्वचेची झाक ओळखायला मनगटाच्या शिरा बघा म्हणतात, निळ्या की हिरव्या. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेकींच्या हिरवटच दिसतात, त्यावरून काय ठरवणार? मी विचारते, कुठली साडी नेसलीस की लोक म्हणतात, आज काय विशेष? मोहरी, वीटकरी म्हणाली तर केसांत सोनेरी-तांबूस झाक बिनधास्त टाकते. जांभळी, मोरपिशी म्हणाली तर गडद, वांगी रंगाकडे जाते.

पन्नाशीनंतर कुळकुळीत काळा नको, हे माझं स्पष्ट मत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. काळ्याशार केसांत भांगाची पांढरी रेघ पंधरा दिवसांत चमकायला लागते, शिवाय चेहरा उगाच करडा दिसतो. गडद तपकिरी घ्या, मध्ये बारीक हायलाइट टाका, म्हणजे पांढरे त्यात मिसळून जातात. पण आधीच काळा डाय लावला असेल तर त्यावर तपकिरी रंग थापून काही होत नाही. रंगानं रंग उतरत नाही.

आणि मेंदी. साधी मेंदी केसात अशी मुरते की कापल्याशिवाय पूर्ण जात नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा डायमधलंच पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींत धातूंचे क्षारही असतात, आणि त्यांचं ब्लीचशी अजिबात जमत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी माझ्या नणंदेच्या केसांना ब्लीच लावलं होतं. पाच मिनिटांत फॉइल हाताला चटका बसण्याइतकी तापली. धुतलं तर बटा हिरवट, आणि ओढल्या की रबरासारख्या ताणायच्या. गौरी-गणपतीला ही गोष्ट अजून निघते. तेव्हापासून मी मानेजवळची चार केसांची बट कापून आधी मिश्रणात बुडवून बघते, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो.

पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं तोच डाय लावणाऱ्या बाईलाही अचानक येऊ शकते. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, दर वेळी. ‘थोडं चुणचुणतं, पण चालतं’ म्हणणाऱ्या काकूंना मी रंग लावत नाही, रागावल्या तरी.

तर येताना केस खास धुऊन, सरळ करून येऊ नका. रोज जसे असतात तसे या. फोटो आणा, हरकत नाही. आणि मेंदी कधी लावली होती ते खरं सांगा. नणंदेनं सांगितलं नव्हतं.