पाणी नेमकं कधी चढलं?

प्रशिक्षणाला शिक्षक कोणत्या तयारीने येतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. सही करायची, चहाची वेळ विचारायची आणि मागे बसून शाळेची राहिलेली ऑनलाइन माहिती भरायची. त्यांचा दोष नाही. दिवसभर पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवल्या, तर दुसरं काय होणार?

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात सहावी ते आठवीचे विज्ञान शिक्षक जमले होते. नेमकी त्या दिवशी वीज गेली आणि प्रोजेक्टर बाजूला पडला. मला ते बरंच वाटलं. प्रत्येक गटाला ताटली, शाई घातलेलं पाणी, मेणबत्ती आणि काचेचा ग्लास दिला. प्रयोग सगळ्यांच्या तोंडपाठ. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी आत चढतं. का चढतं? सगळ्या हॉलचं उत्तर एकच: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणून पाणीही साधारण एकपंचमांश.

मी विचारलं, "चढलं कधी? ज्योत जळत असताना की विझल्यावर?"

कोणी बोलेना. वर्षानुवर्षं हा प्रयोग शिकवलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक बाई म्हणाल्या, "थांबा हो, परत करू." या वेळी सगळे ताटलीवर वाकले. ज्योत जळत होती तोवर पाणी जवळजवळ जागचं हललं नाही, उलट ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर आले. ज्योत मंदावून विझली आणि मग पाणी सरसर वर गेलं.

"पण आम्ही तर असंच शिकलो," एक सर अडून बसले. मग त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी चांगलंच जास्त चढलं. सर खुश: "बघा, जास्त ऑक्सिजन जळला!" बाई लगेच म्हणाल्या, "ग्लास तोच, हवा तेवढीच. वरचा ऑक्सिजन तुम्ही घरून आणलात का?" हशा थांबेपर्यंत मला बोलायची गरजच उरली नाही.

पुढची युक्ती निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींची. त्यांनी चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं, ग्लास त्यात विसळून रिकामा केला आणि मेणबत्तीशिवायच ताटलीत पालथा घातला. थोड्या वेळात पाणी चढलं! मेणबत्ती नाही, जळणं नाही. ग्लासातली गरम हवा फुगलेली असते, काही बाहेर निसटते. उरलेली थंड झाली की आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हाही आतल्या हवेत सुमारे 16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो.

"मग एकपंचमांश खोटंच?" नाही. त्यासाठी परीक्षानळी आतून ओली करून तिला लोहकीस चिकटवला आणि ती पाण्यात उलटी उभी केली. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कोणताही वायू सोडत नाही. कीस जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याने फुकट दिला. (भांड्यांची चकचकीत घासणी इथे चालत नाही, ती गंजतच नाही.) प्रशिक्षण संपायच्या दिवशी 15 सेंटिमीटरच्या नळीत पाणी जवळपास 3 सेंटिमीटर चढलेलं होतं. मोजायला पट्टी कमी पडली, एवढी गर्दी.

तेव्हा अडून बसलेल्या सरांनीच खरा प्रश्न विचारला: "हे सगळं ठीक. पण परीक्षेत पोरांनी काय लिहायचं?"

मी त्यांना होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमाबद्दल सांगितलं. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांत तो सुरू झाला. तिथे शिक्षक आधी स्वतः प्रयोग करत आणि मुलांची परीक्षा पुस्तक उघडं ठेवून, प्रयोगासह होई. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला, हेही सांगितलं. लपवून काय उपयोग?

"बंद तर बंद," बाई म्हणाल्या. "घटक चाचणीचे प्रश्न आपणच काढतो ना?" आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'ग्लास तोच असताना तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त का चढलं? करून बघा आणि लिहा.' त्याला गुण दोन द्यायचे की तीन, यावर चहा निवेपर्यंत भांडण चाललं.